मिरच्यांचा वास

सासूबाईंना फ्लू झाला तेव्हा नवरा जहाजावर होता आणि विचुंब्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच. डॉक्टर म्हणाले, "घरीच ठेवा, पण धाप लागली तर लगेच हॉस्पिटल गाठा." म्हणायला त्यांचं काय जातंय! जीव टांगणीला लागतो तो लक्ष ठेवणारीचा. सासूबाईंचा जरा डोळा लागला की मी नाकापुढे तळहात धरून श्वास बघायची.

एकदा डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "जित्ती हाय मी. हात काढ."

उभा जन्म मोऱ्याच्या बंदरावर मासळीच्या टोपल्या उचललेली बाई. तिला आता उशीवरून मान उचलवत नव्हती.

दुपारी म्हणाल्या, "दिष्ट लागलीय मना. मिरच्या ओवाल."

मी बीएस्सी झालेली. एरवी वाद घातला असता, पण घाबरलेल्या माणसाला कसली डिग्री! मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन त्यांच्यावरून ओवाळल्या आणि तापल्या तव्यावर टाकल्या. मिरच्या काळ्या पडल्या, धूर निघाला. वास मात्र नाही. दृष्ट खरी असली की मिरच्यांचा वास येत नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं. ह्या आता जाणार, आणि मी नवऱ्याला फोनवर काय सांगणार?

तेवढ्यात आतून जोरात खोकला ऐकू आला. त्यांना ठसका लागला होता. म्हणजे वास घरभर होता, मलाच येत नव्हता! गॅस बंद करून धावले, खिडक्या उघडल्या, त्यांची पाठ चोळत राहिले. त्यांना श्वास मिळेना. आपल्याच हातांनी आपण ह्यांना मारतोय, असं वाटून मला रडू फुटलं.

बऱ्याच वेळाने खोकला थांबला. "तुला कसा नाय लागला ठसका?" त्यांनी विचारलं आणि माझ्या कपाळाला हात लावला. "अगो, तू तं तापलीस!"

नाक चोंदलंय, अंग ठणकतंय, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी आडवी झाले. झोपायचं नाही, असं बजावलं होतं स्वतःला. आता त्यांच्याकडे बघणारं दुसरं होतं कोण?

जाग आली तेव्हा माझ्या नाकापुढे त्यांचा तळहात होता.

"जिवंत आहे मी," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. हातही काढला नाही.