अध्यक्षांनी न ऐकलेली सारंगी
किराणा दुकानात राळेचा वास आला की मला मानवतजवळच्या एका गावातलं जिनिंगचं रिकामं गोदाम आठवतं. आम्ही चारपाच हौशी लोक तिथे संगीत मंडळ चालवायचो. सतरंज्या आम्हीच झाडायचो आणि बहुतेक वेळा ऐकायलाही आम्हीच असायचो. गुरांचे एक निवृत्त डॉक्टर आमचे अध्यक्ष. आयुष्यात एकदा तरी समोर बसून सारंगी ऐकायची, एवढ्यासाठी त्यांनी हे मंडळ काढलं होतं. अखेर हैदराबादहून एक म्हातारे सारंगिये आले. त्यांनी सारंगीच्या गजाला राळ लावली आणि मग आम्ही सगळे तिथल्या एका पुढाऱ्याची वाट पाहत बसलो, कारण त्याने मंडळाला सभागृह द्यायचा शब्द दिला होता. तो आला तेव्हा ऊन उतरलं होतं. मग शाली, नारळ, फोटो आणि संगीतावर त्याचं लांबलचक भाषण. "नुसते सत्कारच करायलेत, वाजवणार कवा?" मागून कुणीतरी म्हणालं. "साब, हमारी रेल का वखत हो रा," असं म्हणून सारंगियांनी तारेवर गज टेकवला. तेवढ्यात पुढारी उठला. "डॉक्टर, गाडीपर्यंत चला की, सभागृहाचं बोलू." डॉक्टरांनी एकदा सारंगीकडे पाहिलं आणि ते पुढाऱ्यामागे गेले. ते परतले तेव्हा वादन संपून सारंगी गवसणीत गेली होती. "कसं झालं?" त्यांनी विचारलं. "लय चांगलं," आम्ही म्हणालो. सभागृह झालं नाही आणि मंडळही राहिलं नाही. डॉक्टर अजूनही भेटले की विचारतात, "त्या दिवशी नेमकं कसं वाजवलं हो त्यांनी?" मी रागाचं नाव सांगतो. तरीही ते पुढचं ऐकायला थांबून राहतात.