नईम सरांचा वाचनाचा तास

नईम सर गेल्याचं मला मोबाइलवर कळलं, अर्धी दाढी झालेली असताना. शाळेच्या ग्रुपवर मुख्याध्यापकांचा दोन ओळींचा निरोप होता. पहाटे छातीत दुखायला लागलं, जालन्याला नेईपर्यंत सगळं संपलं, दुपारच्या नमाजनंतर दफन. मी साबणाच्या तोंडानं तसाच खुर्चीवर बसलो. तेवढ्यात निरोपाखाली धडाधड हात जोडलेली चित्रं यायला लागली, आणि त्यात आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा लांबलचक मजकूर... ‘नवनवे प्रयोग करणारा हाडाचा शिक्षक हरपला.’ वाचून अंगाचा तिळपापड झाला. ज्यांनी नईम सरांचा एकुलता एक प्रयोग एका दुपारी बंद पाडला, त्यांनाच आता प्रयोग आठवत होते! मोबाइल आपटावासा वाटला. आपटला नाही, कारण तो प्रयोग बंद पडण्यात माझा वाटा अध्यक्षांपेक्षा मोठा होता आणि हे मी तोवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

मंठा तालुक्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवायचो आणि ते इंग्रजी. बावीस वर्षं आमची टेबलं शेजारी होती. माणूस शांत, पण हट्टी. नववीच्या मुलींना इंग्रजी वाचता येत नाही याचा त्यांना फार त्रास व्हायचा. मुली गाइडातली उत्तरं घडाघडा पाठ म्हणायच्या आणि त्यातलाच एक शब्द फळ्यावर एकटा लिहिला की खाली बघायच्या. एके दिवशी नईम सर हातात छापलेल्या पानांचा गठ्ठा घेऊन आले. परदेशातल्या नव्या मुसलमानांसाठी चालवलेल्या एका इस्लामी वेबसाइटवरून त्यांनी एक पान काढलं होतं. वुजू कसा करायचा, म्हणजे नमाजआधी हात, तोंड, पाय कोणत्या क्रमानं धुवायचे, त्याची सोप्या इंग्रजीतली माहिती. मी ते बघून हसलो. “काय सर, इंग्रजीच्या तासाला मदरसा भरवून राह्यले का?” असं म्हणालोसुद्धा. ते चिडले नाहीत. “खरात सर, तुम्ही पोळ्याचा धडा शिकवता तवा पोरींना अर्धा धडा आधीच माहीत असतो. बैल रोज दारातून जातो. माझ्या धड्यात बर्फ पडून राह्यला. शब्द बी नवा, गोष्ट बी नवी. पोरींनी एका टायमाला काय काय उचलायचं?”

त्या तासाला मी मागच्या बाकावर बसलो होतो, खरं तर गंमत बघायला. सुमय्या नावाची एक मुलगी होती, वर्षभरात तिचा आवाज मी माझ्या तासालासुद्धा धड ऐकला नव्हता. ती उभी राहिली. हात तीनदा धुवा, चूळ भरा, नाकात पाणी घ्या, चेहरा धुवा... बोट ठेवत ठेवत ती इथवर आली आणि पुढे ‘एल्बो’ हा शब्द आला. तो तिला कोणीही शिकवलेला नव्हता. तिनं स्वतःच्या कोपराकडे बघितलं आणि ती म्हणाली, “सर, ये कोहनी है ना? चेहरेके बाद कोहनीच आती.” सगळा वर्ग हसला आणि ती बसायच्या ऐवजी पुढचं वाचत राहिली. त्यानंतर मी नईम सरांची थट्टा करणं बंद केलं.

दर सोमवारी नवं पान यायचं. त्यांची निवड कडक होती. पंथापंथांतली भांडणं नकोत, फतवे नकोत. आजारी माणसानं रोजा ठेवावा का, शेजाऱ्याशी कसं वागावं, कुठल्या तरी थंड देशातल्या बाईनं रमजानबद्दल विचारलेला प्रश्न, असं काय काय. हळूहळू मुली पानाशी भांडायला लागल्या. “सर, इसने गलत लिखा, हमारेमें ऐसा न्हाई करते.” मग नईम सर म्हणायचे, हे इंग्रजीत सांगा. आणि त्या सांगायच्या, मोडकंतोडकं, पण तावातावानं. “इंग्रजीत छापलं म्हणजे सगळं खरं असतं का, सर?” ते मला म्हणाले होते. “पोरी वाचून न्हाई म्हणायला शिकल्या, तर माझं काम झालं.” असा शिक्षक मी दुसरा पाहिला नाही, आणि हे त्यांच्या तोंडावर एकदाही बोललो नाही.

या पानांची एक वेगळी बाब होती. बऱ्याच पानांवर अरबीत आयती, म्हणजे कुराणातली वचनं, असायच्या, अल्लाहचं नाव असायचं. तसले कागद कुठंही टाकता येत नाहीत, पायाखाली येता कामा नयेत. वापरून झालेली पानं नईम सर ग्रंथालयातल्या एका खोक्यात जमा करायचे आणि वर्षातून एकदा शहागडला जाऊन गोदावरीच्या खोल पाण्यात सोडायचे. त्याला त्यांच्यात कागद थंड करणं म्हणतात. एका वर्षी मीही गाडीवर मागं बसून गेल्तो. इतकी वर्षं उर्दू शाळेत काढलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मला माहीत होतं.

ग्रंथालय माझ्याकडे होतं. शाळेची तपासणी ठरली आणि मुख्याध्यापकांनी घाई लावली, सगळा पसारा काढा, जल्दी करा. नईम सर परीक्षेच्या कामाला जालन्याला गेले होते. रद्दीवाला दारात उभा, घड्याळ पुढे पळतंय, धुळीनं मला शिंका... मी एकेक खोकं उतरवून पायानंच पुढं सरकवत गेलो. आत काय आहे ते उघडून पाहिलं नाही. गाडा निघून गेल्यावर कपाटावरची मोकळी जागा दिसली. नईम सरांचं खोकंही त्यातच गेलं होतं. रद्दीवाल्याच्या मागं गेलो का? नाही. म्हटलं, जाईल सगळं कागदाच्या कारखान्यात, कुणाला कळतंय!

आठवड्यात कळलं. बस स्टँडजवळच्या एका गाड्यावर आमच्याच एका मुलीच्या वडिलांना भजी दिली गेली, त्या पानावर. वर अरबी आयत, खाली इंग्रजी आणि मधोमध तेलाचा डाग. ते पान घेऊन ते सरळ शाळेत आले. मोठ्यानं बोलले नाहीत. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, ते आरडाओरड्यापेक्षा वाईट होतं. अध्यक्षांना बोलावणं गेलं. ऑफिसात आम्ही पाचजण होतो. अध्यक्षांनी विचारलं, “नईम सर, हे पान तुमचं है?” “जी, माझंच है.” “मंग रद्दीत कसं गेलं?” मी समोरच बसलो होतो, हातात चहाचा कप होता. आता बोलायचं असं मनात म्हणत होतो. नईम सरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. “गलती झाली,” एवढंच म्हणाले, आणि त्या वडिलांपुढे उभं राहून त्यांनी माफी मागितली. अध्यक्षांना निमित्तच हवं होतं. ही वेबसाइट कोणत्या पंथाची, कोण चालवतं, असं ते आधीपासून कुरकुरत होते. वाचनाचा तास त्या दुपारपासून बंद झाला.

सगळे गेल्यावर बोलू, असं मी ठरवलं होतं. मग म्हटलं, उद्या. नंतर म्हटलं, प्रकरण निवळू दे. अशी चार वर्षं गेली आणि या काळात आम्ही रोज एकत्र डबा खाल्ला! नईम सर पुन्हा गाइडातून शिकवायला लागले. नववीच्या नव्या मुली पुन्हा पाठ म्हणायला लागल्या, पुन्हा खाली बघायला लागल्या. त्यातल्या कितीजणी वाचणाऱ्या झाल्या असत्या, हा हिशेब माझ्याच नावावर आहे. मला स्वतःचा राग येतो, हे तर झालंच. पण त्यांचाही येतो. एकदा तरी गचांडी धरायची होती माझी.

ते गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. पाहुणे पांगल्यावर भाभींना सगळं सांगितलं, रद्दीवाला, खोकी, ऑफिसातला चहा, सगळं. त्या डोक्यावरचा पदर सारखा करत शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “मालूम था उनको, भाईसाब. रद्दीवाल्यानं त्याच हप्त्यात सांगितलं होतं.” माझ्या तोंडून निघालं, “मंग बोलले का न्हाईत मला?” “मी बी हेच विचारायची. तर म्हणायचे, खरात सर खुद बोलेंगे. थोडा वक्त लगेगा.”

मला तिथं रडू आलं. भाभी उठून आतल्या खोलीत गेल्या आणि एक जाड फाइल आणून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. “ये आप रखो. वाचून झालेले कागद थंडे करतात. हे तर कोणी वाचलेच न्हाई.”

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांना भेटलो आणि दोष माझा होता हे सांगितलं. तास पुन्हा सुरू करा, म्हणालो. ते म्हणाले, “जाऊ द्या सर, माणूसच न्हाई राह्यला, आता कशाला जुनं काढता?” म्हणून इथं, सगळ्यांसमोर लिहितोय. चूक नईम सरांची नव्हती. माझी होती.

फाइल माझ्या टेबलावर आहे. दुपारी एक पान घेऊन बसतो. माझं इंग्रजी जेमतेम, दर ओळीला अडतो, पण वाचतो. बंदी आल्यानंतरही चार वर्षं नईम सर दर आठवड्याला एक पान निवडत होते, अवघड शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारत होते. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्यांनी उर्दूत ‘नववी’ लिहिलंय आणि त्यापुढं तास घ्यायच्या तारखेसाठी जागा सोडलीय. सगळ्या पानांवर ती कोरी आहे.