पाय वर, सोमीताई म्हणायची

"सायकल येते काय?"

शिकायला आलेल्या प्रत्येकाला सोमीताई आधी हे विचारायची. येते म्हटलं की तिचा चेहरा पडायचा. "मंग आठ दिस जास्त लागतील. सायकल विसराया."

आमच्या कशेळीच्या गोदामात ती बॅटरीवरची तीनचाकी शिकवायची. पुढून मोटारसायकल, हँडल-सीट सगळं तसंच, आणि मागे माल भरायचा हौदा. या गाड्या नव्या आल्या तेव्हा मोटारसायकलवाल्या पोरांनी त्यांच्यावर उड्या मारल्या, आणि पहिल्याच दिवशी दोघांनी कंपाउंडची भिंत गाठली. सोमीताई तेव्हा पॅकिंगला होती. अकलोलीकडच्या पाड्यावरची, जन्मात सायकलला हात न लावलेली. गंमत म्हणून बसली आणि आवाराला चक्कर मारून सरळ आली. मॅनेजरने पुढे तिलाच शिकवायला लावलं.

मी तिथे सुपरवायझर. त्याआधी कामतघरला कापडाच्या लूमवर होतो, आणि मोटारसायकल तर मिसरूड फुटल्यापासून चालवत होतो. त्यामुळे हिच्याकडून काय शिकायचं, हा प्रश्न माझ्या चेहऱ्यावर असणारच. तिने तो वाचला असावा. मला सीटवर बसवून, पाय फुटरेस्टवर ठेवायला लावून तिने माझ्या दोन्ही बुटांखाली मालाच्या जुन्या चलनाचा एकेक कागद सरकवला.

"कागद उडाला का परत पयल्यापासून."

माझे कागद रोज उडायचे. वेग कमी झाला की पाय आपोआप जमिनीकडे जायचा, वळण आलं की अंग झुकायचं. मागच्या हौद्यात बसून ती ओरडायची, "पाय वर! अंग न्हाय, हँडल वळव. ही पडत न्हाय रे, तूच पाडशील." जमिनीवर मी 'साहेब' असायचो, सीटवर 'तू'. तिच्या हाताखाली पाड्यावरच्या दोघी जणी शिकत होत्या. त्या मला बघून पदरात तोंड लपवायच्या. "साहेबाचे कागद गोळा करायला एक मानूस ठेवा," असं एकदा त्यातली एक म्हणाली. सोमीताई हसली नाही. "त्याला येनारच. जास्त येतं ना त्याला, म्हणून उशीर लागतो."

इथपर्यंतचं मी बऱ्याच जणांना सांगितलं आहे. लोक हसतात. पुढचं सांगितलेलं नाही.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत, आवारात कोणी नसताना, मी भरलेली गाडी काढली. सोमीताई हौद्यात खोक्यांना टेकून बसली होती. उतारावरच्या वळणावर मी मोटारसायकलसारखं अंग झुकवलं. हँडल वळवलंच नाही. गाडी सरळ भिंतीकडे निघाली. घाबरून मी पाय खाली टाकला, हँडल हिसडलं, आणि गाडी उलटली. मला खरचटलं. तिचा उजवा हात कोपरात मोडला.

संध्याकाळी ती प्लास्टर घालून आली तेव्हा मी रजिस्टरमध्ये लिहून ठेवलं होतं: गाडी प्रशिक्षक सोमी चालवत होत्या, ब्रेक लागला नाही. असं का लिहिलं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. सुपरवायझर गाडी पाडतो हे मॅनेजरला कळू नये, एवढंच डोक्यात असावं. सहीसाठी वही तिच्यापुढे केली. ती सातवीपर्यंत शिकलेली. ओठ हलवत तिने सगळं वाचलं. मग म्हणाली, "ब्रेक लागला न्हाय, ते खोडा. ब्रेक चांगला हाय."

मी खोडलं. बाकीचं तसंच राहिलं. तिने डाव्या हाताने वाकडीतिकडी सही केली.

मॅनेजर म्हणाला, "औरत को हँडल देना ही नहीं चाहिए था." मी मान हलवली. सोमीताईला कामावरून काढलं, त्या दोघींना पॅकिंगला परत पाठवलं.

तिने सही का केली? हा गुंता माझ्या डोक्यातून गेला नाही. कधी वाटे, तिने मला वाचवलं. कधी वाटे, गाडी वाईट ठरून बंद होऊ नये म्हणून स्वतःवर घेतलं. कधी वाटे, ती मला कायमची शिक्षा करून गेली. प्रत्येक उत्तर काही दिवस खरं वाटायचं.

मागच्या हिवाळ्यात तिच्या पाड्यावर गेलो. अंगणात वाल सोलत बसली होती. उजवा हात सरळ होत नव्हता. तिने मला खाट दिली, चहा दिला. मी एकदम म्हणालो, "सोमीताई, त्या दिवशी गाडी मी चालवत होतो."

"म्हाईत हाय. मी मागं बसलेली ना."

"मग सही का केलीस?"

"हात ठणकत व्हता. घरी जायाचं व्हतं. तुमी लिव्हून मोकळं झालेलं, आता भांडत कोन बसेल?"

"आणि ब्रेकचं?"

"ब्रेक सकाळी मीच बघितलेला. चांगला व्हता."

मी रचलेलं एकही कारण त्यात नव्हतं. माफ कर म्हणालो. तिने शेंगा सोलणं थांबवलं नाही.

"मला काय सांगता, साहेब? मला म्हाईतच हाय. ज्यांना म्हाईत न्हाय त्यांना सांगा."

मॅनेजर कधीच बदलून गेला. त्या दोघी कुठे असतात, ठाऊक नाही. उरलात तुम्ही. तुम्ही तिला कधी पाहिलेलं नाही. तीनचाकी चालवण्यात तिचा हात धरणारा माणूस मी पाहिला नाही, आणि तिने गाडी कधी पाडली नाही. गाडी मी चालवत होतो.