म्हाताऱ्या पिकअपचे मोठे टायर

मंडळी, आमच्या दूधवाटपाची म्हातारी डिझेल पिकअप आज सकाळी मौद्याकडच्या नाल्यात पुन्हा पोटावर बसली. दूध तिथेच नासलं. दुपारी मी एक माप मोठे टायर बसवूनच घेतले. आता ती, आम्हा संस्कृतच्या मास्तरांच्या भाषेत, स्थूलचरणा.

वळताना टायर मडगार्डला घासू लागले. "मडगार्ड काप," मी गॅरेजच्या मिस्त्रीला म्हणालो.

मिस्त्री हसला. "काहून गा गुरुजी, जोडा बसत नाही म्हून पाय कापता?"

"पाय नाही, पायजमा आखूड करून राहिलो."

इंजिनाला जोर जास्त लागेल, मान्य. पण उद्याचं दूध त्याच नाल्यातून सक्करदऱ्याला येणार म्हणजे येणार.

शिवाय मोठं चाक फेरे कमी घेतं, म्हणून मीटरवर गाडीचं वय हळू वाढेल. पन्नाशीच्या माणसाला असे टायर कुठे मिळतात, कळवाल?