दारात आणून सोडणारे खोचे सर

खोचे सरांची आणि माझी ओळख माझ्या चपलेने करून दिली. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात चपलेने करू नये, हे मला कळतं. पण खरं तेच सांगायचं, ही शिकवण सरांचीच. भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपलगतच्या कॉलेजात मी पहिल्या वर्षाला होते. ग्रंथालयाकडे जाताना मैदानातून एक फुटबॉल घरंगळत माझ्यापुढे आला. मी दिली एक लाथ ठेवून. चेंडू गेला आणि त्याच्यामागून डाव्या पायातली चप्पलही गेली. पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ ती चप्पल हातात घेऊन सावकाश चालत आले, माझ्या पायाशी ठेवली आणि म्हणाले, "डाव्या पायाने मारते? वा! नाव काय? वडील कारखान्यात कुठे आहेत?" हेच कॉलेजचे फुटबॉल प्रशिक्षक आणि क्रीडा विभागाचे प्रमुख मोरेश्वर खोचे, हे मला मैत्रिणींनी मागाहून सांगितलं. तक्रार घरी जाणार, या भीतीने मी दोन दिवस जेवले नाही.

तक्रार नाही, रविवारी सकाळी सर स्वतःच आमच्या क्वार्टरच्या दारात उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. आता टाउनशिपमधली मराठी घरं म्हणजे बोटांवर मोजण्याइतकी. कुणी अनोळखी मराठी गृहस्थ उपवर मुलीचं नाव विचारत घरी आले, की त्याचा एकच अर्थ निघायचा. आईने मला साडी नेसायला आत पिटाळलं आणि पोहे टाकले. सर उज्जैनचे, त्यांचं मराठी माळव्यातलं. "मी हिला मैदानावर बघून राहिलो होतो," असं ते म्हणाले, तेव्हा माझ्या पुण्याच्या आईला ते 'राहिलो' टोचलं असणार. पण स्थळासाठी तिने तेही गिळलं. पोह्यांची बशी पुढे करत तिने हळूच विचारलं, "मुलगा काय करतो?"

"मुलगे बावीस आहेत माझ्याकडे," सर उत्साहाने म्हणाले. "अडचण मुलींची आहे. मुश्किलीने दहा जमल्या. तुमची अकरावी!"

आईच्या हातातली बशी कशी पडली नाही, हे देवालाच ठाऊक. बाबा मात्र इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी साडीचा बोळा हातात धरून दाराआड उभी होते आणि मनात एकच धावा चालू होता: हो म्हणा बाबा, हो म्हणा. बाबा मशीन शॉपचे फोरमन. हसून झाल्यावर त्यांनी फोरमनच्या आवाजात अट घातली. "बाहेरगावी न्याल, तर परत आणून माझ्या हाती द्यायची. कॉलेजच्या फाटकात नाही, कोपऱ्यावर नाही. दारात." सर म्हणाले, "दारात." अशी आमच्या कॉलेजची मुलींची पहिली फुटबॉल टीम पुरी झाली.

सरांच्या कामाबद्दल इतर मंडळी या ग्रंथात लिहितीलच. मी पाहिलेले सर म्हणजे भल्या सकाळी मैदानात वाकून खडे वेचणारे सर. विभागप्रमुख होते, हाताखाली माणसं होती, तरी चुन्याच्या रेषा स्वतः मारायचे. प्राचार्यांनी एकदा मुलींच्या सरावाची वेळ दुपारच्या उन्हात ढकलली. सर भांडले नाहीत. त्यांनी मुलांचा सराव उन्हात नेला आणि मुलांची सकाळ आम्हाला दिली. मुलं महिनाभर आमच्यावर डाफरत होती.

प्रत्येक दौऱ्याहून परतल्यावर सर आम्हा अकराजणींना एकेक करून घरी पोचवायचे. आमच्या दारात यायचे, बाबांनी दार उघडलं की म्हणायचे, "ही घ्या मेधा." बाबा स्टोअरमध्ये माल उतरवून घेतल्यासारखे मला वरपासून खालपर्यंत बघत म्हणायचे, "पोचली." एवढंच. मग सर पुढच्या घराकडे वळायचे.

दुसऱ्या वर्षी जबलपूरच्या सामन्यात माझ्या घोट्याचं हाड मोडलं. प्लॅस्टर घालून परतताना मी रेल्वेत सरांच्या हातापाया पडले. "सर, जिन्यावरून पडले असं सांगा ना! खेळताना मोडलं म्हटलं तर बाबा पुन्हा पाठवायचे नाहीत."

सरांनी माझा प्लॅस्टरचा पाय समोरच्या बाकावर नीट ठेवला. मग म्हणाले, "मेधा, तुझे वडील माझ्या शब्दावर तुला पाठवतात. खोटं बोललो, तर पुढच्या वेळी कोणत्या तोंडाने तुला मागू?"

मला त्यांचा असा राग आला म्हणता! पण दारात उभं राहून त्यांनी सगळं खरं सांगितलं. "खेळताना पाय मोडला. जबाबदारी माझी." बाबांनी माझा हात धरला, मला आत घेतलं आणि सरांच्या तोंडावर दार लावलं. त्या दिवशी बाबा "पोचली" म्हणाले नाहीत. माझ्याशीही बोलेनासे झाले. माझे बूट माळ्यावर गेले. संपलं सगळं, असं वाटून मी उशीत तोंड खुपसून रडले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला, बाबा घरी आले आणि मागोमाग दार वाजलं. सर. "पाय कसा आहे?" बाबा म्हणाले, "ठीक आहे." दार बंद. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. आठवड्याने आईला राहवेना, तिने पाणी दिलं. पुढच्या आठवड्यात खुर्ची दिली. सरांनी फुटबॉलचा 'फ'सुद्धा काढला नाही. शेवटी बाबांनाच राहवलं नाही.

"परवाच्या सामन्याचं काय झालं?"

"हरलो. दहाजणीच होत्या."

"दहाच? बदलीची मुलगी नाही?"

"बदली कुठून आणू साहेब? अकराच तर आहेत."

बाबा उठून उभे राहिले. "अहो, म्हणजे एक माणूस कमी ठेवून तुम्ही शिफ्ट चालवली?"

"चालवली."

"आणि पुढच्या महिन्यात?"

"दहाच."

एक माणूस कमी ठेवून शिफ्ट चालवणं हे बाबांच्या लेखी पापच. त्यांनी खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून विचारलं, "प्लॅस्टर कधी निघतंय गं?" मी वेड्यासारखी रडायलाच लागले. सर निघताना आईला फक्त म्हणाले, "वहिनी, आज चहा चालेल." नंतर मी कॉलेजात असेपर्यंत मैदानाच्या तारेबाहेर जेवणाचा डबा हातात धरलेले बाबा दिसले नाहीत असा सामना क्वचितच झाला असेल.

या ग्रंथासाठी गेल्या महिन्यात आम्हा जुन्या खेळाडूंची नेहरू नगरला बैठक झाली. सरांना पंचाहत्तरावं लागलंय, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, हातात काठी आहे. त्यांना शाहपुऱ्याला घरी सोडायचं काम माझ्याकडे आलं. गाडीत बसताच सर म्हणाले, "आधी तुझं घर."

"सर, मी पन्नाशी ओलांडली. गाडी माझी आहे. तुम्हाला मी सोडणार आहे!"

"आधी तुझं घर," सर म्हणाले.

काय करणार? अरेरा कॉलोनीत माझ्या घरी आलो. सर काठी टेकत तीन पायऱ्या चढले आणि दारासमोर उभे राहिले. आत कुणी नव्हतं. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, हे सरांना माहीत होतं. खांदा देणाऱ्यांत ते होते. मी कुलूप उघडून आत गेले आणि वळले, तर सर उंबऱ्याबाहेरच उभे होते. मग त्यांनी घसा खाकरला आणि रिकाम्या घराला म्हणाले, "ही घ्या मेधा."

 बाबांच्या जागी उभी राहून मीच म्हटलं, "पोचली."

सरांनी मान हलवली. मग मी पुन्हा कुलूप लावलं, त्यांना गाडीत बसवलं आणि शाहपुऱ्याला नेलं. फाटकात सोडलं नाही, कोपऱ्यावर सोडलं नाही. सरांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, दार उघडलं, तेव्हा मी म्हटलं, "हे घ्या सर." काकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हसून म्हणाल्या, "पोचले."

सर, आम्ही अकराजणी आहोत, तुमचे ते बावीस मुलगे आहेत आणि त्यांच्या मागून आलेली कितीतरी मुलं-मुली आहेत. पाळ्या लावून घेऊ. तुम्ही ठणठणीत राहा, मैदानावर येत राहा, आमच्यावर ओरडत राहा. आम्ही तुम्हाला दरवेळी दारात आणून सोडू, आणि काकूंनी अजून पुष्कळ पुष्कळ वर्षं दार उघडून म्हणावं, "पोचले."