तोरणाखाली दोन बॅटऱ्या

गेल्या वर्षी पोळ्याच्या बरोबर वीस दिवस आधी, सोमवारी सकाळी दहा वाजता, माझ्याच अंगणात मी अठ्ठावीस हजार सहाशे चाळीस रुपये आमच्या जुन्या ट्रकच्या वायरिंगसाठी मोजून दिले. घेणारे, आर्णीचे सलीमभाई वायरिंगवाले. हजर होते माझे वडील, माझी बायको शीला आणि शेजारचे नामदेवभाऊ. एक बकरीही होती, पण ती आमची नव्हती म्हणून धरलेली नाही.

ट्रक सव्वीस वर्षांचा. अकरा वर्षांपूर्वी मी तो जुनाच घेतला, तेव्हा पैसे कमी पडले म्हणून बाबांची पाखऱ्या-बांड्याची बैलजोडी विकली. तेव्हापासून पोळ्याच्या रांगेत आमच्या घरची जागा रिकामी. बाबा दर वर्षी पारावर बसून दुसऱ्यांचे बैल तोरणाखालून जाताना बघत. बोलत काही नसत. (न बोलण्याचा हिशेब ठेवता येत नाही, पण तो फार साठतो.) गेल्या वर्षी मात्र ते त्र्याऐंशी वर्षांचे झाले आणि बोलले.

"बापू, एक डाव मले तोरनाखालून जाऊ दे. बैल नाही तं नाही. ट्रक तं ट्रक."

गावाने परवानगी दिली. पण ट्रकची अवस्था अशी, की डावीकडे वळायचा दिवा लावला तर वायपर हलायचा, आणि भोंगा दाबला तर काहीच व्हायचं नाही! म्हणून सलीमभाई.

त्यांनी जुन्या वायरींचा भारा बाहेर ओढला. त्यात सुतळी निघाली, एक केसांची रिबन निघाली आणि अशी एक वायर निघाली जिची दोन्ही टोकं कुठेच लावलेली नव्हती. मग नवे दिवे, नवा भोंगा, केबिनमध्ये निळी पट्टी, छोटा पंखा, रेडिओ, मोबाईलचं चार्जिंग आणि जास्तीची बॅटरी.

"एक बॅटरी सेल्फ माराले, दुसरी पंखा-दिव्याले," सलीमभाई म्हणाले. "मधात रिले टाकतो. अठराशे पन्नास. इंजन बंद झालं का दोन्ही आपोआप अलग."

"अन् हाताचा खटका?"

"साडेतीनशे. पन भाऊ, याद ठेवा लागते. इंजन बंद, खटका खाली. नाही तं पंखा दोन्ही बॅटऱ्या पिऊन टाकीन."

"मी इसरत नसतो, सलीमभाई."

पंधराशे वाचले. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं.

श्रावणात ट्रकला काम नसतं. तो अंगणात उभा. दिवेलागणीला बारीक झिमझिम सुरू व्हायची, मी निळी पट्टी लावायचो, आणि ती केबिन अशी दिसायची की जणू विहिरीत चांदणं पडलंय. सगळ्यात आधी बाबा चढले. पंखा गरगरू लागला, काचेवरून थेंब ओघळू लागले, आणि बाबा समोरच्या गोठ्याच्या भिंतीकडे टक लावून बसले.

"कुठं निघाले, बाबा?"

"माहूरले. बोलू नको. घाट लागला."

दुसऱ्या दिवशी शीला बसली. अर्ध्या तासाने मी चहा मागितला तर म्हणाली, "आवो, आताच तं पोचली मी! समुद्र पाहून राह्यली. तुमी करून घ्या चहा." नामदेवभाऊ आधी हसले, "कायले रे बापूराव, इंजन नाही अन् परवास?" मग हळूच चढले, केळापूरला लेकीच्या सासरी जाऊन आले आणि उतरताना डोळे पुसत म्हणाले, "भेटली पोरगी. बरी हाय."

वीस दिवसांत ट्रक एक इंचही हलला नाही, पण आमचं सगळ्यांचं फिरणं भरपूर झालं!

मी अर्थातच बेसावध नव्हतो. पंखा, पट्टी, रेडिओ, चार्जिंग मिळून साडेपाच अँपिअर. बॅटरी ऐंशीची. म्हणजे चौदा तास बत्तीस मिनिटं. कोण किती मिनिटं बसलं ते वहीत लिहीत होतो. (समुद्राला सर्वात जास्त वेळ लागला.) पोळ्याच्या सकाळी बेरीज केली: अकरा तास. शिल्लक साडेतीन. उगाच डिझेल जाळून चार्जिंग कशाला करा?

आता एक बारीक गोष्ट. माझं स्वतःचं बसणं मी लिहिलं नव्हतं. कारण मी बसत नव्हतो, तपासणी करत होतो! ही तपासणी रोज जेवणानंतर, पंखा लावून, डोळे मिटून चालायची. तिच्यात ट्रक हळूच जमिनीवरून उठायचा, पांढऱ्याशुभ्र कापसावरून तरंगत जायचा, चाकांखाली ढग, कानाशी वारा, आणि वाटेत एकही टोलनाका नाही.

पोळ्याला ट्रकला बाशिंग बांधलं, बोनेटवर झूल घातली. एरवी तो रांगेत शेवटी उभा करायचा. पण मागून भोंगा वाजला तर बैल बिथरतील, म्हणून पंचांनी तो सगळ्यात पुढे लावला, ऐन तोरणाच्या तोंडाशी. मागे बैलांच्या बावीस जोड्या. बाबा नवं धोतर नेसून केबिनमध्ये माझ्या शेजारी. इंजिन बंद, पण पंखा चालू, निळी पट्टी चालू, रेडिओ चालू. ऐट होती!

झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची गाणी, रंगल्या. एकाने म्हटली की दुसरा तिला तोडणारी म्हणे. अर्धा तास, पाऊण तास. आणि पंखा मंदावला.

"बापू, वारा काहून कमी झाला?"

साडेतीन तासांची शिल्लक कुठे गेली ते मला समजेना. पण बाबांना घाम फुटला होता. मी खटका वर केला. दोन मिनिटांपुरता. सेल्फच्या बॅटरीकडून उसना वारा घ्यायचा आणि परत खाली! पंखा भरारला. गार झुळूक आली. मी सहज डोळे मिटले. चाकांखाली ढग आले.

"पोया फुटला! तोरनाखालून चाला!"

मी दचकून किल्ली फिरवली. सेल्फ म्हणाला, "टक." पुन्हा फिरवली. आता "टक"ही नाही.

सलीमभाईंना फोन लावला. "खटका खाली होता ना, भाऊ?" मी विषय बदलला. ते म्हणाले, "मंग ट्रॅक्टरची बॅटरी जोडा." गावात ट्रॅक्टर एकच, आणि तो आर्णीला सलीमभाईंच्याच दारात उभा होता. आमचा ट्रक पाहून मालकाने निळ्या पट्टीसाठी पाठवला होता!

मागे बावीस जोड्यांच्या घंटा वाजू लागल्या. गल्ली अरुंद. ना पुढे ना मागे. मी खाली उतरून नामदेवभाऊंच्या धष्टपुष्ट जोडीकडे पाहिलं.

"तिकडं पाहू नको," ते म्हणाले. "आज पोया हाय. आज बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही."

आणि त्यांनी तिथल्या तिथे झडती ठोकली:

"निया दिवा, गार वारा, गाने वाजे फार,
दोन बॅटऱ्यावाल्याले आता पाह्यजे बैल चार!"

"हर हर महादेव!" अख्खं गाव.

मी केबिनच्या दाराशी गेलो. म्हणणार होतो, बाबा, उतरा. पण ते माझ्या जागेवर सरकून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून तोरणाकडे पाहत होते.

"जुपा मंग मानसं," मी म्हणालो. "पयला मी."

जाड दोर आला. चौदा जण पुढे, नऊ मागून ढकलायला. उजव्या अंगाला मी, डाव्या अंगाला नामदेवभाऊ. ट्रक न्यूट्रलमध्ये. बाबांना आयुष्यात फक्त कासरा माहीत, तरी त्यांना ब्रेक दाखवला. चिखलात पाय रुतले, दोर खांद्यात रुतला, आणि ट्रक हलला! वरून आवाज आला, "हो हो! पाखऱ्या, दाब लेका! बांड्या, आंग चोरून राह्यला काय?"

पाखऱ्या उजवीकडचा होता. म्हणजे मी.

आंब्याची पानं टपावरून सरसरत गेली. मी मान वळवून वर पाहिलं. बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते नक्की कुठे होते ते मला माहीत नाही. घाट तर नव्हता.

ट्रक तसाच ओढत घरी आणला, तर दारात शीला ताट घेऊन उभी. तिने चाकावर पाणी घातलं, मग माझ्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं आणि तिथेही घातलं. कपाळाला कुंकू लावून पुरणपोळी तोंडात भरवली. "धूर काढत नाही, तेवढं एक बरं हाय याचं," म्हणाली. मग बैल फिरवणाऱ्याला द्यायचा तो बोजारा तिने काढला, एकवीस रुपये, आणि थेट बाबांच्या हातावर ठेवला.

"याच्यात माझा हिस्सा?" मी विचारलं.

बाबांनी नोटा कनवटीला खोचल्या. "बैलाले कोनी पैशे देते काय बे?"

रिले दुसऱ्याच दिवशी बसवला. अठराशे पन्नास, सलीमभाईंना. पण त्या दिवसाची अखेरची नोंद अशी: बोजारा रुपये एकवीस, रोख, बाबांना. पुरणपोळी एक, पाखऱ्याला. त्याने दुसरी मागितली, तर रात्री खांद्याला तेल-हळद लावून मिळाली.