नर्सची शेवटची खोली

आमचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. एका भुताच्या व्हिडिओ गेमचे आजवर सात भाग निघाले, ते सगळे खेळलेल्या लोकांचा. बहुतेक जण चाळिशीला टेकलेले, कुणी बँकेत, कुणी शाळेत. कामाच्या वेळात गंभीर चेहरे करून बसणारे आणि संध्याकाळी तिसऱ्या भागातला डॉक्टर खरा वाईट होता की नव्हता यावर हातघाईवर येणारे. गेल्या महिन्यात बातमी आली की पहिला भाग नव्यानं तयार होऊन येतोय. लगेच ग्रुपवर आठवणींना ऊत आला. पहिला भाग कुठं खेळलात, कुणाबरोबर, सगळ्यात जास्त कशाला घाबरलात, ते प्रत्येकानं लिहायचं ठरलं.

मीही लिहिलं. लिहिलं नसतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. कारण त्या चार ओळींमुळं मला कळलं, की माझ्या बहिणीला मी एकदा जे उत्तर दिलं होतं ते साफ खोटं होतं.

आमचं गाव जळगाव जामोद. बाबांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं, आता मी चालवतो. शेतातल्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटरी यायच्या, बाबा त्यातली काळी पडलेली तार काढून नवी भरायचे. गावातलं एक सायबर कॅफे बंद पडलं तेव्हा तिथला एक कॉम्प्युटर आमच्याकडे आला. बाबांना त्यावर बिलं करायची होती. बिलं कधी झाली नाहीत. ताईनं त्यात या गेमची सीडी घातली आणि आमचा उन्हाळा गेला.

ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. बारावी झालेली, डी.एड.चा फॉर्म भरलेला. दुपारी एक ते चार दुकान बंद असायचं. बाबा घरी झोपायला गेले की आम्ही शटर अर्धं खाली ओढून आत बसायचो. पत्र्याचं छत, वार्निशचा वास, पाठीला चिकटलेला शर्ट. बाहेर गेलो असतो तर निदान झाडाखाली वारा होता. पण आम्हाला आतच अडकून पडायचं होतं, आणि तेही पैज लावून.

गेममध्ये एक नर्स होती. क्षयरोग्यांचं जुनं बंद हॉस्पिटल, त्यात ती कोंडली गेलेली. हातात टॉर्च, बाकी काही नाही. मागून ओल्या पायांचा आवाज येत राहायचा. ज्याचे पाय ते कधी पूर्ण दिसायचं नाही. वॉर्डातल्या भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली दिली तरच खेळ तिथपर्यंतचा जतन व्हायचा. घड्याळ सापडण्याआधी ते पाय आले, की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

ताई खेळायची आणि मी लिहायचो. आमच्या धंद्यात एक शिस्त आहे: जळालेली तार काढण्याआधी तिचे फेरे मोजायचे आणि वहीत लिहायचे. मोजल्याशिवाय तार कापली की मोटर गेलीच समजा. बाबांनी ही शिस्त आमच्या हाडात घातली होती. ताईनं ती हॉस्पिटलला लावली. कुठल्याही खोलीत शिरली की आधी भिंतीला खांदा लावून एक चक्कर मारायची. "लिही, वार्ड दोन. दारं तीन, खिडक्या नाही, पावलं एक्केचाळीस." फेऱ्यांच्या वहीच्या मागच्या पानांवर ते सगळं हॉस्पिटल उतरलेलं होतं. इतर लोक हा गेम किंचाळत खेळले, असं ग्रुपवर वाचलं. आम्ही मोजत खेळलो. घाबरायचो, नाही असं नाही. ताईच्या मानेवर घाम साचायचा आणि ती ओठ चावत म्हणायची, "थांब बे, हलू नको, मले आवाज आयकू दे." जणू मी हललो असतो तर त्या ओल्या पायांना कळलं असतं.

दुपारची लाइट मात्र नेमकी जायची. म्हणून बाबांनी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर कॉम्प्युटर चालेल अशी जोडणी करून दिली होती. अट एकच. मॉनिटरचा उजेड अगदी कमी ठेवायचा, म्हणजे बॅटरी पुरते. आम्ही ऐकणार नाही याची त्यांना खात्री होती, म्हणून त्यांनी ब्राइटनेसचं बटण शेवटपर्यंत फिरवून वर काळी टेप चिकटवली. त्यामुळं आमचं हॉस्पिटल सगळ्या राज्यात सगळ्यांत अंधारं होतं. पण हे आम्हाला कसं कळणार? आम्हाला वाटायचं, गेम असाच आहे.

शेवटच्या खोलीपर्यंत पोचायला दोन महिने लागले. नर्स आत जाते, मागचं दार आपटून बंद होतं आणि पुन्हा उघडत नाही. ताईनं भिंतीला खांदा लावून चक्कर मारली. पावलं सव्वीस. दुसरं दार नाही, खिडकी नाही, घड्याळ नाही. मग ओले पाय यायचे आणि पडदा काळा व्हायचा. आम्ही आठ-दहा दिवस रोज त्या खोलीत गेलो. रोज सव्वीस पावलं, रोज काळा पडदा. शेवटी ताईनं माऊस सोडला.

"दारच नाही याले," ती म्हणाली. "असतं तं सापडलं असतं. मोजलं ना आपण."

मी वहीत लिहिलं: शेवटची खोली, दारं शून्य, खेळ संपला. आम्हाला ते पटलंसुद्धा. उलट भारी वाटलं, की एवढ्या मोठ्या गेमचा शेवट असा आहे आणि तो आम्हाला समजला. पुढचे भाग मी एकट्यानंच खेळलो. त्यात दर वेळी नवा माणूस त्याच हॉस्पिटलात अडकायचा. पहिल्या नर्सचं काय झालं, हा विषय कुणी काढायचं नाही. मला वाटे, काढणार काय? ती तिथंच आहे.

ताईचं डी.एड. झालं आणि लग्नही झालं. वरवट बकालला दिली. भरपूर शेती, दुमजली घर, समोर लोखंडी फाटक. बघायला आले तेव्हा म्हणाले, पोरीनं शिकवलं तर आमची ना नाही. लग्नानंतर कळलं, ना होतीच. कुणी हात उचलला नाही, कुणी उपाशी ठेवलं नाही. भाऊजी माणूस म्हणून वाईट नाहीत, हीच तर पंचाईत होती, सांगायला काही नव्हतं. बाजारात जायचं तर तिघांना विचारायचं. फोन बैठकीत, सासऱ्यांच्या डोळ्यांसमोर. शाळेत जागा निघाल्याचं कळलं की घरात कुणीतरी आजारी पडायचं. तिनं भिंती मोजायला किती दिवस घेतले असतील, मला माहीत नाही.

दुसऱ्या वर्षी आखाजीला ती माहेरी आली. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी येतात, झोके बांधतात, चार दिवस हुंदडतात. ती हुंदडली नाही. परत जायच्या आदल्या दिवशी दुपारी दुकानात आली. शटर अर्धं खाली होतं, बाबा घरी झोपले होते आणि मी तिसऱ्या भागात गुंतलो होतो. ती वाकून आत आली आणि जुन्या मोटरीवर बसली. बराच वेळ माझं खेळणं बघत राहिली.

मग म्हणाली, "मी उद्या नाही गेली तं?"

मी खेळत राहिलो. पडद्यावर पाय वाजत होते.

"तू बाबाले सांगशीन का? माह्यं नाही आयकत थे. तुह्यं आयकतीन."

आता लिहिताना लाज वाटते, पण लिहितो. मी मान वर केली नाही. मी हसत म्हणालो, "ताई, लास्ट रूम हाय थे. दार नसते तिले."

तीही हसली. हसली म्हणून मला बरं वाटलं, विषय मिटला असं वाटलं. बाबांकडे शब्द टाकायला मला अर्धा मिनिट लागला असता. बाबा चिडले असते, दोन दिवस जेवले नसते, पण त्यांनी माझं ऐकलं असतं. ते माझं ऐकायचे. दुसऱ्या दिवशी मी तिची बॅग घेऊन स्टँडवर गेलो आणि तिला खिडकीची जागा धरून दिली.

तर ग्रुपवर मी ही बहिणीची गोष्ट लिहिली नाही. फक्त गेमचं लिहिलं: अर्धं शटर, बॅटरी, आणि दार नसलेल्या खोलीचा तो जबरदस्त शेवट. पाच मिनिटांत लोक हसायला लागले. एकानं लिहिलं, "दादा, तुम्ही गेम अर्धाच खेळला की!" आणि त्यानं त्या खोलीचा फोटो टाकला. खोलीच्या मधोमध, जमिनीत, लाकडी झाकण. त्याला लोखंडी कडी. लहान पोरालाही दिसेल असं. कडी ओढायची, शिडीनं उतरायचं, आणि नर्स नदीकाठी बाहेर येते. बाहेर सकाळ झालेली असते.

मी दुकानात बसलो होतो. समोर गिऱ्हाईक मोटर घेऊन उभं होतं आणि मला त्याचं बोलणं ऐकू येईना. आम्ही भिंती मोजल्या, मधे गेलोच नाही. आणि गेलो असतो तरी त्या अंधारात कडी दिसली नसती. गेमबद्दल मला काही वाटलं नाही. मला ताई दिसली, जुन्या मोटरीवर बसलेली.

दुसऱ्याच दिवशी वरवटला गेलो. भाऊजी आणि त्यांचे थोरले भाऊ शेतात होते, तिच्या सासूबाई आत पडलेल्या. ताई मागच्या ओसरीत तुरीची डाळ निवडत बसली होती. मी तिच्या हातात फोन दिला. तिनं डाळीचे हात पदराला पुसले, फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि लगेच ओळखला.

"माय! जमिनीत होतं का?" ती हसली. "आपण येड्यावानी भिंतीच चाचपत राह्यलो."

"ताई," मी म्हणालो, "त्या आखाजीले तू विचारलं होतं मले. मी चुकीचं सांगतलं."

ती सुपातले खडे काढत राहिली.

"आता चाल. वरची खोली रिकामीच हाय. तुही वहिनी काही म्हणत नाही. शिकवण्या घे, काही कर. कोणी काही बोललं तं मी पाहतो." हे मी गाडीवर येताना पाठ केलं होतं. सतरा वर्षं उशिरा का होईना, मी शब्द टाकत होतो.

तिनं सूप खाली ठेवलं. रागावेल, रडेल, काहीतरी करील असं मला वाटलं. मला तिनं रागवायला हवं होतं. तिनं माझ्याकडे मायेनंच पाहिलं.

"तवा भ्या वाटे रे मले," ती म्हणाली. "रोज वाटे. भ्या वाटे तवा दार पाहो मी. आता नाही वाटत. कशाचंच नाही वाटत. आता दार पाहून काय करू?"

तिनं मला चहा दिला, माझ्या बायकोसाठी डाळ बांधून दिली. फाटकापर्यंत आली. मी गाडी चालू करता करता म्हणालो, निदान आखाजीला तरी ये.

"येतो ना," ती म्हणाली. "चार दिवस. मंग मले परत आणून सोडजो."

मी हो म्हणालो.